शीण वेगळा, धसका वेगळा: मुलांच्या आयसीयूतल्या सिस्टरांसाठी नेमकं काय करता येतं?

वॉर्डपत्रक

पुण्यातल्या एका १० खाटांच्या पीआयसीयूसाठी (मुलांच्या आयसीयूसाठी) टिपण तयार करायचं आहे. विषय सिस्टर-ब्रदरांचं बर्नआउट (कामाचा साचलेला शीण) आणि पीटीएसडी (आघातानंतर मनात बसलेला धसका). बहुतेक ठिकाणी या विषयाची धाव १२ मेचा, म्हणजे परिचारिका दिनाचा, केक आणि नाईट संपवून आलेल्यांना थांबवून घेतलेलं योगशिबिर याच्यापुढे जात नाही, म्हणून इथे विचारतोय.

अनुभवकथन नको, ते इतरत्र भरपूर आहे. मला हवंय ते असं: या दोन गोष्टी ओळखायच्या कशा, मूल गेल्यावर पहिल्या तासात काय करायचं, डीब्रीफिंग (घटनेनंतर सगळ्यांनी बसून त्याबद्दल बोलणं) सक्तीचं करावं का, ड्यूटी किती जणांची लावायची, आणि कोणाला कुठे पाठवायचं. ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांनी आकड्यांसकट लिहावं.

शनिपारचा_कट्टा

आधी दोन शब्द सुटे करू. घरात आपण शीण आणि धसका वेगळे धरतोच, रुग्णालयात मात्र दोन्ही 'स्ट्रेस'च्या एकाच डब्यात टाकतात आणि मग औषधही एकच देतात.

बर्नआउट म्हणजे शीण. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये (२०२२ पासून लागू) तो आजारांत धरलेला नाही, कामामुळे उद्भवणारी अवस्था म्हणून नोंदलाय. खुणा तीन: अंगात त्राण न उरणं, कामाबद्दल मन उठणं किंवा कडवट होणं, आणि 'आपल्या हातून काही नीट होत नाही' असं वाटणं. तो महिनोन्महिने साचत जातो.

पीटीएसडी म्हणजे धसका, आणि तो आजार आहे. डोळ्यांदेखत घडलेला मृत्यू किंवा जीवघेणी इजा त्याच्या मुळाशी लागते. शिवाय डीएसएम-५ने (अमेरिकेतली मानसिक आजारांची निदानपुस्तिका, २०१३) नोकरीचा भाग म्हणून असे तपशील वारंवार झेलावे लागणं हेही कारणांत धरलंय. लक्षणं महिन्याहून जास्त टिकली तरच हे नाव लावतात. तीन दिवसांपासून महिन्यापर्यंत असतील तर तो तीव्र ताणाचा वेगळा प्रकार.

लक्षणांचे चार गट आहेत. पीआयसीयूच्या भाषेत सांगायचं तर पहिला: घरी मायक्रोवेव्ह वाजला तरी व्हेंटिलेटरचा अलार्म ऐकू येणं, तेच दृश्य झोपेत पुन्हा दिसणं. दुसरा: ठरावीक बेड टाळणं, तीन वर्षांचं मूल आलं की ड्यूटी बदलून मागणं. तिसरा: 'माझ्यामुळेच गेलं' हे मनातून न निघणं, कशातच आनंद न वाटणं. चौथा: दचकणं, झोप उडणं, भडकणं, बाळाचं सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ठीक असूनही दर दोन मिनिटांनी उठून पाहणं.

ओळखायची सोपी खूण हवी असेल तर सुट्टीत काय होतं ते विचारा. शीण आठवड्याच्या सुट्टीत थोडा तरी उतरतो आणि कामावर रुजू झाल्यावर चार दिवसांत परत चढतो. धसका सुट्टीत गावाला सोबत येतो, आणि हाताला काम नसलं की रात्री जास्तच बोलतो. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, पण उपाय वेगळे. शिणाचा उपाय ड्यूटी चार्टवर, धशक्याचा उपाय उपचारात. चार्ट सुधारून धसका जाणार नाही आणि समुपदेशक बोलावून शीण जाणार नाही.

अर्धा_कप_चहा

वाचनखूण साठवली. एक शंका: 'सिस्टर हल्ली फार तुसडेपणा करतात' अशी तक्रार येते, ते यातलं कुठलं? आणि मुलाला नावाऐवजी 'बेड चारचं ब्राँको' (म्हणजे ब्राँकोन्यूमोनियाचं मूल) म्हणणं हीही कडवटपणाची खूण समजायची का?

शनिपारचा_कट्टा

बेड नंबर ही सोय आहे, त्यावरून काही ठरवू नका. आधी आईशी दोन वाक्यं बोलणारी सिस्टर आता सलाइन लावून न बोलता निघून जाते, प्रोसीजरच्या वेळी मूल रडलं तर 'नाटकं करतंय' म्हणते, असा बदल दिसला तर लक्ष द्या. मोजायचा असतो बदल. मुळात अबोल असलेल्या माणसाला उगाच धरू नका.

याच परिसरातले आणखी दोन शब्द तुमच्या कानावर येतील. 'कम्पॅशन फटीग' हा कार्ला जॉइन्सन यांनी १९९२ मध्ये नर्सेसच्याच संदर्भात वापरला: सतत दुसऱ्याचं दुःख वाहून माया आटणं. 'मॉरल डिस्ट्रेस' हा अँड्र्यू जेमटन यांचा, १९८४ मधला: योग्य काय ते कळतं, पण करू दिलं जात नाही. मुलांच्या वॉर्डात हा दुसरा प्रकार फार. सुधारणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असलेल्या बाळाला दिवसाला सहा वेळा टोचावं लागतं, आणि टोचणारा हात सिस्टरचा असतो, निर्णय घेणाऱ्याचा नसतो.

पांढरी_चप्पल

त्यात मुलांचं काम आणखी एका कारणाने वेगळं: एका खाटेवर रुग्ण तीन असतात, मूल, आई आणि बाहेर फेऱ्या मारणारा बाप. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या पट्ट्यात (नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी) गियाँ-बारेची (जीबीएस, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) साथ आली, तेव्हा हे ठळक दिसण्यासारखं होतं. जीबीएसचं मूल व्हेंटिलेटरवर असूनही पूर्ण शुद्धीवर असू शकतं. त्याला सगळं कळतं, दुखतं, फक्त हलता-बोलता येत नाही. असं मूल आठवडेच्या आठवडे त्याच सिस्टरकडे ठेवलं तर मायेचा धागा घट्ट होतो आणि शीणही. चार-पाच दिवसांनी सिस्टर बदला, पण अचानक नको. एक ड्यूटी दोघींनी मिळून करून मग.

ड्यूटीचार्ट

आता हिशेब, कारण सगळं इथेच अडतं.

१० खाटांपैकी ५ मुलं व्हेंटिलेटरवर धरा. तिथे एकास एक. उरलेल्या ५ ना दोन मुलांमागे एक, म्हणजे अडीच, वर ओढून ३. एका पाळीला ८ जणी. तीन पाळ्यांना २४. इथे थांबून 'आमच्याकडे २५ स्टाफ आहे, पुरेसा आहे' म्हणणारे बरेच भेटतात.

वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या आणि सगळ्या मिळून ३० रजा वजा केल्या तर एक माणूस २८३ दिवस हजर. ३६५ भागिले २८३ म्हणजे १.२९. २४ गुणिले १.२९ बरोबर ३१. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषातला ३० टक्के राखीव धरला तरी आकडा तोच येतो. यात प्रसूती रजा, नोकरी सोडून परदेशी गेलेल्या आणि इन्चार्ज सिस्टर धरलेल्या नाहीत. इन्चार्जला खाट देऊ नका. ती खाटेला अडकली की वॉर्डात नवख्या मुलीकडे पाहणारं कोणी उरत नाही.

खासगीत १२ तासांच्या दोन पाळ्या करून ही संख्या खाली आणतात, त्यातली मेख बघा. ८ गुणिले २ म्हणजे रोज १६. आठवड्याला ११२ पाळ्या. आठवड्याला ४८ तास धरले तर १२ तासांच्या चारच पाळ्या होतात, म्हणजे रजा सोडून २८ माणसं लागतात. सहा पाळ्या करून घेतल्या की १९ मध्ये भागतं, पण आठवड्याला ७२ तास होतात. नऊ पगार वाचले. ते कुणाच्या अंगातून वसूल होतात ते वेगळं सांगायला नको.

अर्धा_कप_चहा

आणि त्या ७२ तासांवर उतारा म्हणून प्राणायाम. चालू द्या.

ड्यूटीचार्ट

प्राणायामाशी भांडण नाही, तो रजेच्या दिवशी करावा :)

पाळ्यांचा क्रमही बघा. मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाईट असा पुढे सरकणारा फेरा शरीराला झेपतो, उलटा झेपत नाही. इव्हिनिंग ९ ला संपवून दुसऱ्या दिवशी ७ ची मॉर्निंग देऊ नका. कागदावर १० तास दिसतात. प्रत्यक्षात ओव्हर देऊन (पुढच्या पाळीला काम सोपवून) निघेपर्यंत पावणेदहा, वाघोली किंवा धायरीला पोचेपर्यंत अकरा, जेवून झोपेपर्यंत बारा, आणि पाचला गजर. पाच तास झोपलेल्या माणसाच्या हातात आपण पॉइंटमधले डोस देतोय. दोन पाळ्यांत ११ तासांची मोकळीक हवी आणि सलग नाईट तीनपेक्षा जास्त नकोत.

जुलै ते ऑक्टोबर डेंगी आणि थंडीत ब्राँकिओलायटिस (तान्ह्या बाळांच्या छातीचा संसर्ग), हे दरवर्षी ठरलेलं आहे. त्या महिन्यांत रजा 'नंतर बघू' म्हणत ढकलतात आणि नोव्हेंबरमध्ये राजीनामे येतात. राखीव माणसं याच महिन्यांसाठी असतात.

पांढरी_चप्पल

पहिल्या तासाबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे पैसे लागत नाहीत, फक्त आधी ठरवलेलं असावं लागतं.

मृत्यूची वेळ जाहीर झाली की मॉनिटर बंद करायचा. सपाट रेघ आणि अलार्म चालू ठेवून लोक आवराआवर करतात आणि तोच आवाज पुढे डोक्यात बसतो. मग ४५ सेकंद ते एक मिनिट सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या जोनाथन बार्टल्स या ब्रदरने ही रीत रुजवली. कोणी एकाने म्हणायचं, 'या बाळासाठी आणि आपण केलेल्या कामासाठी एक मिनिट थांबू या.' प्रार्थना, भाषण काही नको. ज्याला थांबायचं नाही त्याला जाऊ द्यायचं.

त्या खाटेच्या सिस्टरची दुसरी मुलं लगेच दुसरीकडे द्यायची, तोंडी ओव्हर घेऊन. हे इन्चार्जने स्वतःहून करायचं, तिने मागायची वाट बघू नये. ती मागणार नाही.

मग नळ्या. एमएलसी (पोलिसांत नोंदवायची केस) असेल तर ट्यूब, लाइन, काहीही काढायचं नाही, जसं आहे तसं शवविच्छेदनाला जातं. हे आईला आधी सांगून ठेवा. नाहीतर 'तोंडातली नळी तरी काढा हो' हे वाक्य सिस्टरला एकटीने झेलावं लागतं. एमएलसी नसेल तर नळ्या काढून, गॉज लावून, तोंड पुसून, जमल्यास घरचे कपडे घालून मग आईच्या मांडीवर द्या. त्यासाठी पाठ असलेली खुर्ची आणि पडदा लागतो, स्ट्रेचरवर दाखवू नका. पावलाचा ठसा घ्यायचा तर स्टॅम्प पॅड आणि जाड कागद एका पाकिटात तयार ठेवा, आणि विचारूनच घ्या. सगळ्यांना नको असतो.

बॉडी पॅक करायला कायम दोघी. नव्या मुलीला एकटीला कधीच नाही. आणि मावशी-मामांना यातून वगळू नका. सगळे बाजूला झाल्यावर त्या बाळापाशी शेवटी त्याच असतात, आणि कुठल्याही कार्यक्रमाच्या यादीत त्यांचं नाव नसतं.

खाट. खाली कॅज्युअल्टीत मूल थांबलंय, हे खरं असतं. तरी शक्य असेल तिथे अर्धा तास खाट रिकामी ठेवा, आणि पुढची अ‍ॅडमिशन त्याच सिस्टरला देऊ नका. हा एक नियम लिहून भिंतीवर लावला तरी फरक पडतो.

घरी जाताना 'गाडी चालवशील ना?' हे विचारायचं, कोणाला तरी सोबत द्यायचं. दुसऱ्या दिवशी इन्चार्जचा एक फोन, पण त्यात 'उद्या येतेस ना?' हे वाक्य नको.

पेठेतला_समुपदेशक

फार नेमकं. यात एक भर घालतो. ३०-४० मिनिटांचं गटात बसून भावना मोकळ्या करण्याचं सत्र सर्वांना बंधनकारक करावं, कोणी सुटता कामा नये. आपल्याकडे लोक आपणहून बोलत नाहीत.

शनिपारचा_कट्टा

इथे मी आडवा येणार, माफ करा. जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये अशा सत्रांची पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली. पण कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास ताडून पाहणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात एका बैठकीच्या मानसिक डीब्रीफिंगने पीटीएसडी टळतो असं दिसलं नाही. भाजलेल्या रुग्णांच्या एका चाचणीत तर १३ महिन्यांनी सत्र घेतलेल्यांचीच अवस्था जास्त वाईट निघाली. इंग्लंडच्या नाइस संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात पीटीएसडी टाळण्यासाठी वा उपचारासाठी हे देऊ नये असं स्पष्ट लिहिलंय. कारण समजण्यासारखं आहे: छाती धडधडत असताना तेच दृश्य सक्तीने पुन्हा बोलून घेतलं की ते खोल रुततं, आणि ज्याने ते पाहिलंच नव्हतं त्याच्या डोक्यात दुसऱ्याचं चित्र जातं.

पेठेतला_समुपदेशक

ते अभ्यास मुख्यतः एकेकट्या रुग्णांवरचे आहेत, एकत्र काम करणाऱ्या टीमवरचे नाहीत, हेही सांगा की. मग गप्प बसून घरी जायचं का?

शनिपारचा_कट्टा

हा मुद्दा मान्य. सक्ती आणि भावना उकरणं वगळा, बाकी ठेवा. म्हणजे घटनेनंतर त्याच पाळीत ५ ते १० मिनिटं, उभ्यानेच, कामाबद्दल बोलायचं: काय घडलं ते दोन वाक्यांत, काय चांगलं झालं, काय अडलं, उद्यापर्यंत कोण काय दुरुस्त करणार. 'सक्शनची नळी सापडायला वेळ लागला, ट्रॉलीचा दुसरा खण लावून घ्या' इतकं ठोस. शेवटी फक्त एवढं सांगायचं की येत्या काही दिवसांत झोप न लागणं, दृश्य आठवणं साहजिक आहे, बहुतेकांचं ते आपोआप ओसरतं, नाही ओसरलं तर अमुक माणसाला सांगा.

तुमचं मोकळं बोलण्याचं सत्र हवंच. ते घटनेला न जोडता महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ड्यूटीच्या वेळेत, ऐच्छिक ठेवा, आणि डॉक्टरांनाही बसवा. रेसिडेंट रडलेला सिस्टरांनी पाहिला की निम्मं काम होतं.

पेठेतला_समुपदेशक

'ड्यूटीच्या वेळेत' हे ठळक करा. आणि त्या तासाला वॉर्ड सांभाळायला रिलिव्हर नसेल तर सत्र जाहीरच करू नका. पहिला महिना पाहणं, ऐकणं, जोडून देणं एवढंच करायचं, ही मानसिक प्रथमोपचाराची मूळ त्रिसूत्री. 'पाहणं'मध्ये जेवली का, घरी कोण आहे, हेही येतं.

वॉर्डपत्रक

हा वाद फार कामाचा झाला, दोघांचेही आभार. डोसच्या चुकीचं कोणी लिहील का? टिपणात 'सेकंड व्हिक्टिम' असा शब्द टाका असं सुचवलं गेलंय.

पांढरी_चप्पल

अल्बर्ट वू यांचा शब्द, २००० सालचा. चूक झाली की पहिला बळी रुग्ण आणि दुसरा ती करणारा.

मुलांत सगळं किलोवर चालतं, म्हणून दशांश चिन्ह सरकलं की चूक थेट दहापट. उदाहरण घ्या, ८ किलोचं बाळ, हृदय बंद पडलेलं म्हणजेच अ‍ॅरेस्ट. अ‍ॅड्रेनालिन किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०८. १ मिलीच्या अँप्यूलमध्ये १ मिलिग्रॅम असतं. ते ९ मिली सलाइनमध्ये मिसळलं की १ मिलीत ०.१ येतं आणि द्यायचं ०.८ मिली. घाईत पातळ न करता तेच ०.८ मिली ओढलं की दहापट.

आता धशक्याशी संबंध. मूल गेल्यावर रात्री दोन वाजता डोक्यात फिरतो तो हिशेबच. पातळ केलं होतं का मी? तीन मिनिटं झाली होती की सहा? चूक झालेली नसली तरी हे फिरतं, कारण खात्री करायला काही हातात नसतं. म्हणून अ‍ॅडमिशनलाच वजन घेऊन त्या मुलाचे आपत्कालीन डोस मिलीमध्ये लिहिलेला कागद खाटेच्या डोक्याशी लावा, दोघींच्या सह्यांसह. आणि कोडच्या (बंद पडलेलं हृदय चालू करण्याच्या धावपळीच्या) वेळी एक जण फक्त लिहिणारा ठेवा: अ‍ॅड्रेनालिन किती वाजता (३ ते ५ मिनिटांनी), कॉम्प्रेशनला कोण, दर दोन मिनिटांनी कोण बदललं. तो कागद रुग्णासाठी आहेच, पण दुसऱ्या दिवशी त्या सिस्टरला बसवून दाखवता येतो: बघ, ९:१४, ०.८ मिली, पातळ केलेलं, ही सही. 'तुझी चूक नव्हती गं' या शंभर वाक्यांहून तो कागद जड पडतो.

खरंच चूक झाली असेल तर त्या पाळीतून तिला मोकळं करा, शिक्षा म्हणून नव्हे. नोंद करून घ्यायला वेगळा माणूस, धीर द्यायला वेगळा. दोन्ही कामं मेट्रननेच केली तर ती काही सांगणार नाही.

मुठेकाठचा

मॉरल डिस्ट्रेसचा एक मोठा झरा पैशाचा आहे, त्यावर कोणीच आलं नाही. मूल सुधारण्याजोगं असतं आणि खर्च झेपत नाही म्हणून बाप डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेऊन जातो. सही घेताना समोर सिस्टर असते.

उपाय वॉर्डाबाहेरचा आहे पण साधा: सोशल वर्करला शेवटच्या दिवशी बोलावू नका, अ‍ॅडमिशनच्या २४ तासांत बोलवा. धर्मादाय नोंदणीच्या रुग्णालयांना महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१एए खाली १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. पुण्यात अशी रुग्णालयं बरीच आहेत. महात्मा फुले योजना आहे, जन्मजात हृदयदोषासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला गावाहून मागवण्यात दोन-तीन दिवस सहज जातात, म्हणून घाई.

आणि डिपॉझिटची आठवण खाटेपाशी काम करणाऱ्या सिस्टरच्या तोंडून कधीही नको. ज्या तोंडाने 'बाळाने डोळे उघडले' सांगायचं त्याच तोंडाने 'काउंटरला भेटून या' सांगायला लावलं की आई-बापांचा राग तिथेच फुटतो. हल्ल्यांबाबत महाराष्ट्राचा २०१० चा कायदा नर्सेसनाही लागू आहे (अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद), पण एफआयआर रुग्णालयाने संस्था म्हणून द्यावा. एकट्या सिस्टरला चौकीत पाठवणं म्हणजे आणखी एक धसका.

ड्यूटीचार्ट

अवांतर, पण सुटू नये: आवाज. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) ४५ डेसिबलच्या आत राहा असा अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्ला आहे. प्रत्यक्षात बरेचसे अलार्म खोटे असतात, प्रोब (ऑक्सिजन मोजायला बोटाला किंवा पावलाला लावतात तो) सैल झाल्याचे. प्रोबची जागा दर चार तासांनी बदला (बाळाची त्वचाही वाचते), आणि अलार्मच्या मर्यादा पाळीच्या सुरुवातीला त्या मुलाप्रमाणे लावून घ्या, यंत्राच्या मूळ आकड्यांवर सोडू नका.

नाईटला २ ते ४ च्या दरम्यान २० मिनिटांची डुलकी अधिकृत करा, आळीपाळीने. अर्ध्या तासावर गेली तर उठल्यावर डोकं जड राहतं, मग १५ मिनिटं औषध ओढायला द्यायचं नाही. तीननंतर कॉफी बंद. तिचा निम्मा अंमल पाच तासांनीही उरतो आणि सकाळची झोप खातो. नाईटनंतर दुचाकीवरून हडपसर किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये शिरण्याआधी तासभर पडायला एक खोली द्या. कुलूप लावलेली कॉन्फरन्स रूम चालेल, सकाळी ती रिकामीच असते.

वॉर्डपत्रक

मोजायचं कसं? एक प्रश्नावली व्यवस्थापनाला हवीच आहे. आणि पुढे कुठे पाठवायचं?

शनिपारचा_कट्टा

मासलॅक यांची बर्नआउट प्रश्नावली प्रसिद्ध आहे पण विकत घ्यावी लागते. कोपनहेगनची १९ प्रश्नांची फुकट मिळते. प्रोक्यूओएल ३० प्रश्नांची, तीही फुकट: समाधान, बर्नआउट, दुय्यम आघात असे तीन भाग, प्रत्येकी १० ते ५० गुण. २२ पर्यंत कमी, ४२ पासून पुढे जास्त. समाधानाचा भाग टाळू नका. समाधान भरपूर आणि शीणही भरपूर असलेली सिस्टर चार्ट सुधारला की टिकते. समाधानच आटलेली असेल तर आधी तिचा विभाग बदलण्याचं बोला.

पीटीएसडीसाठी पीसीएल-५: २० प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, एकूण ८०. ३१ ते ३३ च्या पुढे गुण गेले तर तज्ज्ञाला दाखवा. ही चाळणी आहे, निदान नव्हे. गेल्या महिन्याबद्दल विचारते, त्यामुळे घटनेनंतर चौथ्या दिवशी भरून घेण्यात अर्थ नाही. मराठी करताना एकाने मराठी करावं, दुसऱ्याने मूळ न बघता परत इंग्रजी करावं, आणि दोन्ही ताडून बघावं. स्टाफमध्ये केरळच्या मुली असतील तर मल्याळमही लागेल.

उपचार: आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारी मानसोपचार पद्धत) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आघातावर काम करणारी पद्धत), साधारण ८ ते १२ बैठका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी विचारा आणि 'आघातावर काम करता का' हेही थेट विचारा. गोळ्यांत सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही नेहमीची, गुण यायला ४ ते ६ आठवडे. झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून अल्प्राझोलाम आणून घेणं हा नर्सेसमध्ये सर्रास दिसणारा मार्ग, तो अडवा. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात अल्प्राझोलामच्या गटातली (बेन्झोडायझेपिन) औषधं देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय. सवय लागते ती वेगळीच.

कोणी 'जगून काय करायचं' असं बोललं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, आणि तोवर औषधांच्या कपाटाची जबाबदारी दुसऱ्याकडे द्या. टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात.

पेठेतला_समुपदेशक

जागा: ससूनची मानसोपचार ओपीडी, त्याच आवारातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था, येरवड्याच्या मनोरुग्णालयाची ओपीडी. नाव ऐकून लोक बिचकतात, पण ओपीडीत दाखवून घरी येता येतं. स्वतःच्याच रुग्णालयात केसपेपर काढायला लावू नका. संगणकावर तो कॅन्टीनपर्यंत पोचतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हक्क आहे आणि विमा कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरावा लागतो, मेडिक्लेमची अट वाचून घ्या.

मुठेकाठचा

पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जात असेल तर आजारपणाचा लाभ मिळतो: सहा महिन्यांच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, मग वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के. प्रमाणपत्र ईएसआयच्या डॉक्टरचं लागतं. पुण्यात त्यांचं रुग्णालय बिबवेवाडीला आहे. बॉन्डवरच्या मुलींना 'रजा घेतली तर बॉन्ड वाढेल' असं तोंडी सांगितलं जातं. ते लेखी मागा, बहुतेकदा मिळत नाही.

वॉर्डपत्रक

शेवटचा प्रश्न. पीसीएल महिन्याने भरायचा, पण महिना झाला हे लक्षात कोणी ठेवायचं? आणि भरलेले कागद कुठे? एचआर मागेल.

पांढरी_चप्पल

एचआरला एकही कागद नाही. प्रत्येकीने स्वतः भरायचा, स्वतः बेरीज करायची, आकडा स्वतःपाशी. व्यवस्थापनाला फक्त किती जणींनी भरला आणि किती ३३ च्या वर, इतकंच. तेही दहापेक्षा कमी जणींनी भरला असेल तर देऊ नका, ओळखू येतं.

तारखेसाठी इन्चार्जच्या टेबलावरचं कालनिर्णय पुरे. मूल गेलं त्या दिवसापासून ३० दिवस मोजून पेन्सिलीने एक बारीक टिंब. मुलाचं नाव नको, सिस्टरचं नको. त्या दिवशी त्या पाळीला असलेल्या सगळ्यांच्या हातात, मावशींसकट, पाकीट द्यायचं. मावशींना प्रश्न वाचून दाखवायला बाहेरचं माणूस बोलवा, वॉर्डातलं नको.

वॉर्डपत्रक

टिंब कशाचं हे बाकीच्यांना माहीत असावं का?

पांढरी_चप्पल

असावं. सगळ्यांना माहीत असलं की मग ते कुणा एकीचं राहत नाही. फक्त पेन्सिलच वापरा, लाल पेन नको.